विषय: मिल्टन वादळाच्या वेळी परराज्यातले लाइनमन आपल्या गल्लीत पोचले कसे?

१ जून २०२५

नमस्कार मंडळी,

आजपासून हरिकेनचा मोसम सुरू. गेल्या वर्षी ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन इथे फ्लोरिडात सिएस्टा की बेटाला धडकलं, तेव्हा आमच्याकडे घट बसलेले होते. त्या रात्री वीज गेली. दसऱ्याच्या दुपारी गल्लीत दोन बकेट ट्रक (माणसाला पाळण्यात बसवून तारेपर्यंत उचलणारे) शिरले, नंबरप्लेट परराज्यातल्या. अंधार पडायच्या आत घरात उजेड होता. ती पोरं निघून गेल्यावर मनात आलं, आपली वीज तर शहराच्या मालकीची. एवढ्याशा खात्यासाठी इतक्या लांबून माणसं कोण बोलावतं? त्यांचे पैसे कोण देतं? ताई, तुम्ही एका शहराच्या वीजखात्यात आहात, जरा सविस्तर सांगाल का?

– उत्तर गल्लीतले काका

---

काका, नमस्कार.

ती माणसं बहुतेक वादळाच्या आधीच घरून निघाली असणार.

फ्लोरिडात शहरांच्या मालकीची तीसहून जास्त वीजखाती आहेत. जॅक्सनव्हिल, ओरलँडो ही मोठी, तर ब्लाउंट्सटाउनसारखी काही अगदी लहान. लहान गावाकडे लाइनमन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एरवी तेवढे पुरतात, पण एका रात्रीत गावभर खांब आडवे झाले की कुठून पुरणार? आणि त्या एका रात्रीसाठी बारा महिने जास्त माणसं पोसणं गावाला परवडत नाही. म्हणून ही खाती आधीच एकमेकांशी लेखी करार करून ठेवतात. माणसाचा आणि ट्रकचा दर काय, विमा कोणाचा, राहण्याजेवणाची सोय कोणी करायची, सगळं त्यात येतं. बिल मदत मागणाऱ्या गावाला येतं. राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली तर फेमा (केंद्र सरकारची आपत्ती-मदत संस्था) मान्य खर्चाच्या निदान ७५ टक्के परत देते. शहरांच्या आणि सहकारी वीजसंस्थांना हे मिळतं, भागधारकांच्या खाजगी कंपन्यांना नाही. मात्र प्रत्येक माणसाचे तास आणि प्रत्येक ट्रकची नोंद चोख लागते. करार वादळाआधीचा आणि लेखी असला की हिशेब मंजूर व्हायला सोपं जातं.

वादळाची दिशा दिसू लागली की टॅलाहासीतली आम्हा शहरी वीजखात्यांची राज्य संघटना रोज सगळ्यांना फोनवर एकत्र घेते. कोणाला किती माणसं लागतील, कोण किती देऊ शकेल. ज्या गावावर स्वतःलाच धोका आहे, ते धोका टळेपर्यंत माणसं सोडत नाही. राज्यात पुरेशी मिळाली नाहीत तर मागणी देशपातळीवर, अमेरिकन पब्लिक पॉवर असोसिएशनकडे जाते. देशभरात अशी सुमारे २००० खाती आहेत. २०१२ च्या सँडी वादळानंतर हे जाळं नीट बांधलं गेलं. आलेले क्रू वादळाच्या वाटेबाहेर थांबतात आणि वारा उतरला की आत शिरतात.

त्यांना आमचं गाव माहीत नसतं. म्हणून प्रत्येक क्रूबरोबर आमचं एक माणूस असतं, त्याला इथे ‘बर्ड डॉग’ म्हणतात. मिल्टनच्या वेळी ते काम माझ्याकडे होतं. एका गल्लीत लाइन बंद केलेली, तरी क्रूच्या म्होरक्याने वर चढण्याआधी तपासणीची काठी तारेला लावली, आणि ती वाजू लागली! कुणीतरी जनरेटरची केबल घरातल्या ड्रायरच्या सॉकेटात खुपसली होती. घरातली २४० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते तेव्हा वरच्या तारेत सात हजारांवर जाते. तपासणी झाली नसती तर तो मुलगा घरी परत गेला नसता. माझे हात त्यानंतर बराच वेळ थरथरत होते.

जनरेटर असेल त्यांनी कृपा करून ट्रान्सफर स्विच (जनरेटर चालू असताना घर बाहेरच्या लाइनपासून तोडणारा) बसवून घ्या.

– ताई

---

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी मूळची श्रीवर्धनची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा घाटावरून आलेले वायरमन आमच्या ओटीवर झोपायचे. आई पहाटे उठून त्यांच्यासाठी भाकऱ्या थापायची. पण ते महावितरणचेच, वरून आदेश आला की निघाले. इथे प्रत्येक गाव आपल्या खात्याचं मालक, म्हणून कराराची गरज, हे आज उमगलं. यंदा वेळ आलीच तर मंडळाने क्रूंना जेवण द्यावं का?

– श्रीवर्धनकर

---

जरूर द्या, पण खांबाखाली नेऊ नका. तार हातात असताना कोणी हाक मारली की लक्ष विचलतं. वादळानंतर क्रू जिथे मुक्कामाला असतात, तिथे जेवणाचं बघणारं आमचं माणूस असतं. आधी मला फोन करा, मी गाठ घालून देईन. रात्री सोळा तासांनी परतलेल्या माणसाला गरम जेवणाचं फार अप्रूप असतं.

आणखी एक. छतावरून मीटरकडे उतरणारा पाइप आमच्या गावात घरमालकाचा. तो वाकला तर क्रूला जोडणी देता येत नाही, आधी इलेक्ट्रिशियन लागतो. गेल्या वर्षी अशी घरं मागे ठेवून पुढे जावं लागलं, एका घरात ऑक्सिजनवर असलेल्या आजी होत्या. या शनिवारी बाहेर जाऊन तो पाइप एकदा बघा. सैल वाटला तर हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला आत्ताच बोलवा, ऑगस्टमध्ये कोणी मिळत नाही.

– ताई