‘पण लक्षांत कोण घेतो?’ : जुन्या लेखनातली, नव्या लेखनातली, संक्षिप्त की ऐकायची?

माजघर (धागा)

माझी भाची यंदा अकरावीला गेली. इंग्रजी माध्यमात शिकलेली आहे. मराठी झकास बोलते, वाचताना मात्र अडखळते. परवा तिने आपणहून विचारलं, "मावशी, हरिभाऊ आपट्यांची ती यमूची गोष्ट वाचायची आहे, कुठलं पुस्तक घेऊ?"

घरात तीन प्रती आहेत. पहिली आजीची, पिवळी पडलेली, जुन्या लेखनातली. दुसरी पूर्ण, पण आजच्या शुद्धलेखनात छापलेली. तिसरी ‘कुमारांसाठी संक्षिप्त’. शिवाय फोनवर ऐकायची सोय आहेच.

माझं मत ठाम आहे: पहिली.

ही कादंबरी १८९० पासून हरिभाऊंच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. सगळी यमूने स्वतः सांगितलेली. जुन्या लेखनात बाई म्हणते ‘मी गेलें’, आणि ते ‘लें’ टिंबासकट असतं. ‘दादा गेले’ यावर टिंब नाही. मराठीत आपण कर्ता सर्रास गाळतो. ‘मग माजघरांत गेलें’ एवढं वाक्य आलं की जुन्या छपाईत कळतं, यमू गेली. नव्या छपाईत ‘मग माजघरात गेले’. कोण गेलं? यमू, की वडील, की नवरा? संदर्भावरून कळतं हे मान्य. पण ज्या घरात बायकांचं बोलणं कुणी लक्षात घेत नाही, त्या घरातली एक मुलगी ‘मी’ म्हणते आहे, आणि तिच्या क्रियापदाची स्वतःची खूण आपण शुद्धलेखनाच्या नावाखाली पुसून टाकतो. मला ते सोसत नाही. शीर्षकातल्या ‘लक्षांत’वरचं टिंबसुद्धा कित्येक ठिकाणी उडालेलं दिसतं.

एक विनंती. कादंबरीचा शेवट इथे कुणी फोडू नका. भाची हा धागा वाचणार आहे.

नवी_पाटी

पूर्ण असहमत. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. वर्गात जुन्या लेखनातला उतारा दिला की काय होतं ते दर वर्षी बघते. मुलं ‘कांहीं’ला ‘कान्हीन’ वाचतात, ‘नाहीं’ला ‘नाहीन’. दोन ओळींत गोष्ट संपते आणि टिंबांची कसरत सुरू होते. तुमची भाची अडखळत वाचते असं तुम्हीच लिहिलंय. तिच्या पायात आणखी खडे कशाला?

आणि जुनं लेखन फार नेमकं होतं हा समजही अर्धाच खरा आहे. जुन्या पद्धतीत ‘घरांत’ म्हणजे एका घरात की अनेक घरांत? दोन्हीला तेच टिंब. १९६२ च्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढले, म्हणून आज एकवचनी ‘घरात’ आणि अनेकवचनी ‘घरांत’ वेगळे कळतात. म्हणजे नव्या लेखनाने काही दिलंही आहे. आणि पुण्यातल्या घरात ‘गेलें’ आणि ‘गेले’ कानाला वेगळे तरी लागत होते का? या टिंबांना आपण ‘अनुच्चारित’ म्हणतो ते उगाच नाही.

तुमच्या दोन नंबरच्या प्रतीत एक शब्दही गाळलेला नसेल, तर तीच द्या.

खाडीपलीकडे

अनुच्चारित पुण्यात असेल. आमच्याकडे तळकोकणात म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तो नाकातला सूर मी लहानपणी रोज ऐकलाय. माझी पणजी ‘मीं’ म्हणायची तेव्हा त्यात अनुस्वार स्पष्ट असायचा. ते टिंब कुणाच्या तरी तोंडातूनच कागदावर आलं होतं.

खिळेजुळारी

वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, मी पुढे मुद्रितशोधन केलं. त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितो.

माजघरताई, ‘मूळ लेखन’ म्हणून आपण ज्याला कवटाळतो ते बरेचदा त्या त्या आवृत्तीच्या जुळाऱ्याचं लेखन असतं. साप्ताहिकाचा अंक वेळेवर काढायचा, मजकूर हप्त्याहप्त्याने येणार, एकाच पानावर ‘कांही’ही सापडेल आणि ‘कांहीं’ही. पुढच्या आवृत्त्यांत कुणी टिंबं वाढवली, कुणी कमी केली. तुमच्या आजीची प्रत कितव्या आवृत्तीची आहे ते आधी बघा. हरिभाऊ १९१९ साली गेले. त्यानंतर छापलेली असेल, तर तिच्यातल्या टिंबांवर त्यांचा हात फिरलेला नाही हे नक्की.

नवी_पाटीताई, आता तुम्हाला. नवं लेखन म्हणजे फक्त टिंबं काढणं एवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. प्रत्यक्षात हात तेवढ्यावर थांबत नाही. ‘सुधारित’ प्रती तपासताना मी पाहिलंय, ‘मीं सांगितलें’चं ‘मी सांगितले’ होतं, आणि मग एखाद्याला वाटतं, लांबलचक वाक्य तोडू. मग विधवेचं ‘आलवण’ मुलांना कळणार नाही म्हणून नुसतं ‘लाल लुगडं’. मग हरिभाऊ वाचकाशी बोलतात तो परिच्छेद ‘आज अनावश्यक’ वाटतो. मुखपृष्ठावर यातलं एक अक्षर नसतं.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे हक्क संपतो, त्यामुळे ही कादंबरी कुणीही छापू शकतो, आणि छापतात. स्वस्त पुस्तकं मिळतात हा फायदा. मजकुराची राखण करायला मालक नाही हा तोटा. म्हणून घेताना शीर्षकाच्या मागचं पान वाचा. ‘पुनर्मुद्रण’ लिहिलंय की ‘संपादित’ की ‘संक्षिप्त’? पानांच्या संख्येवर जाऊ नका, टाइप लहान केला की शंभर पानं सहज कमी होतात. प्रकरणं मोजा. मग मधलं एक प्रकरण निवडा, त्याचं पहिलं आणि शेवटचं वाक्य दोन प्रतींत ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिलटवाचक

संक्षिप्त प्रतीची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून लिहिते. मी चौदाव्या वर्षी तीच वाचली. गावच्या वाचनालयात तेवढीच होती. रात्रभर झोपले नव्हते. दहा वर्षांनी पूर्ण शोधून वाचली, ती त्या रात्रीमुळे. संक्षिप्त नसती तर पूर्णपर्यंत पोचलेच नसते.

माजघर

तुमच्या त्या रात्रीबद्दल मला आदरच आहे. पण संक्षिप्तात काय कापतात ते बघा. माझ्याकडच्या प्रतीत बालपण निम्म्यावर आणलंय. भातुकली, दुर्गीबरोबरची गुजगोष्ट, घरातली धुसफुस, दादाचं बोलणं, हे सगळं ‘संथ’ म्हणून गेलं. उरतात ते आघात, एकामागोमाग एक. हरिभाऊंनी शेकडो पानं खर्चून यमूला आपल्या घरातली केली आहे. मुंबईच्या दिवसांत ती वाचायला लागते, नवऱ्याशी मोकळं बोलायला लागते, ते सुख आपण तिच्या चालीने जगतो. ते सुख दहा पानांत उरकलं, तर पुढच्या दुःखाची आपल्याला फक्त बातमी कळते.

खिळेजुळारीदादा, प्रत बघितली. १९१९ नंतरचीच आहे. हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. तरी ‘मी गेलें’ हे हरिभाऊंच्या काळचं लिहिणं होतं, कुणा एका जुळाऱ्याची लहर नव्हती. तेवढ्यावर मी ठाम आहे.

कानसेन

मला जन्मतः दिसत नाही. तुमच्या तीनही प्रती माझ्यासाठी बंद, म्हणून चौथीबद्दल बोलतो.

जुन्या लेखनातला मजकूर संगणकाच्या वाचकाला दिला तर तो प्रत्येक टिंब नाकातून उच्चारतो. ‘तेन’, ‘माझेन’, ‘नाहीन’. अर्ध्या तासात डोकं दुखतं. नव्या लेखनातला मजकूर दिला तर तो सरळ वाचतो. तेव्हा कादंबरी नव्या लेखनात असणं ही माझ्यासारख्यांना दारातून आत येऊ देणारी गोष्ट आहे, एवढं टिंबवाल्यांनी लक्षात घ्यावं.

पण माणसाने वाचलेलं असेल तर हा वादच उरत नाही. चांगली वाचणारी ‘मग माजघरात गेले’ म्हणताना ‘मी’चा सूर लावते, आणि कोण गेलं हे क्षणात कळतं. टिंब आवाजात येतं.

‘आवाजात येतं’ हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. मी एका ठिकाणी या काळातली दुसरी एक गोष्ट ऐकली. वाचणारा मुलगा तरुण, आवाज गोड, पण ‘सोवळे’ आणि ‘सवळे’ त्याला एकच. शिवाय तासाभराने पार्श्वसंगीत सुरू झालं, दुःखाच्या जागी सतार. पुस्तक ऐकताना मला फक्त माणूस हवा असतो. आणि ‘पूर्ण की संक्षिप्त’ हे ऐकण्याच्या आवृत्तीत फार बारीक लिहिलेलं असतं, विकत घेण्याआधी विचारा. एवढी मोठी कादंबरी तीन-चार तासांत संपत असेल तर उत्तर उघड आहे.

सह्याद्रीवारा

यमूची गोष्ट पुरुषाच्या आवाजात ऐकायची कल्पनाच मला पटत नाही.

कानसेन

लिहिली मात्र पुरुषाने.

सह्याद्रीवारा

म्हणूनच. लिहिताना हरिभाऊ बाजूला झाले आणि तिला बोलू दिलं. वाचताना पुन्हा पुरुष मध्ये यायला नको.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. माझा मुलगा रविवारच्या मराठी शाळेत देवनागरी शिकला. त्याला ‘श्यामची आई’ मी वाचून दाखवली, त्याने समोर पुस्तक धरलं होतं. कान आणि डोळे एकाच वेळी चालले की न कळलेला शब्दही अंगवळणी पडतो. तुमच्या भाचीसाठी हाच मार्ग सुचवेन: कुणीतरी वाचा, तिच्या हातात पूर्ण प्रत द्या.

आणि प्रस्तावना आधी वाचू देऊ नका. अभ्यासू प्रस्तावना चांगल्या असतात, पण त्या पुस्तक वाचून झालेल्यांशी बोलतात. शेवट पहिल्याच पानावर सांगून टाकतात.

माजघर

काल हे करून पाहिलं. रात्री जेवणं झाल्यावर आजीची प्रत भाचीच्या हातात दिली आणि फोनवरच्या दुसऱ्या पूर्ण प्रतीवरून मी मोठ्याने वाचलं. पहिली दहा पानं ती टिंबांकडे बघतच नव्हती, कानावर विसंबली. मग एका ठिकाणी मी पाणी प्यायला थांबले, तर तिने पुढची ओळ स्वतः वाचली आणि विचारलं, "मावशी, या ‘आलें’वर टिंब आहे, खाली ‘आले’वर नाही. चुकलंय का?" मी सांगितलं. तिने मागची चार पानं उलटली आणि बोट ठेवून यमूची क्रियापदं शोधत बसली. अकरा वाजले.

माझं मत बदललेलं नाही. फक्त आधी वाटायचं, प्रत दिली की झालं. तसं नाही. जुनी प्रत द्यायची तर वाचणारा माणूसही बरोबर द्यावा लागतो.

नवी_पाटी

वाचून बरं वाटलं. पण ताई, तुमच्याकडे एक भाची आहे. माझ्या वर्गात त्रेपन्न मुलं आहेत. त्यांच्याजवळ रात्री अकरापर्यंत कोण बसणार?

माजघर

याला माझ्याकडे उत्तर नाही. वर्गासाठी नव्या लेखनातलीच घ्या. प्रकरणं तेवढी मोजून घ्या.

खिळेजुळारी

नवी_पाटीताई, कुठली प्रत घेताय ते इथे लिहा. माझ्याकडच्या जुन्या प्रतीशी मी ताडून देतो, आठ दिवस लागतील. पुढे-मागे एक पान चिकटवता येईल असं ‘तें-ते-तीं-ती’चं कोष्टकही करून ठेवतो.