‘कोसला’तला कोष बंद की फुटका?

आरमोरीकर:
‘कोसला’ तिसऱ्यांदा वाचून संपवली. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. नावाचा अर्थ कोष, एवढं सगळे सांगतात आणि पुढे जातात. मी तिथेच थांबलो, कारण आमच्या भागात कोसा, म्हणजे रानातल्या रेशमाचा कोष, हातात येतो. येनाच्या (ऐनाच्या झाडाच्या) फांदीला देठानं घट्ट धरलेला, करडा, कोंबडीच्या लहान अंड्याएवढा. कानाशी हलवला की आत जड काहीतरी खुळखुळतं. सलग धागा हवा असेल तर तो आतल्या जिवासकट उकळतात. पाखरू बाहेर पडलं तर टोकाला भोक पडतं, मग सलग धागा निघत नाही, तुटक तुटक कातत बसावं लागतं.

माझं म्हणणं असं, की कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर, त्याचा कोष फुटलेला आहे. उकळलेला जीव आपली गोष्ट सांगायला उरत नाही. आणि फुटला म्हणूनच कादंबरी सलग नाही. मध्येच डायरी, मध्येच इतिहास-संशोधनाची नक्कल. तुटलेलं सूत आहे ते.

पवनीची मास्तरीण:
दादा, कोसा छान सांगितलात, पण तो तुमचा आहे, नेमाड्यांचा नाही. ते खानदेशातल्या सांगवीचे. तिकडे केळी, कपाशी. येनावरचा कोसा त्यांच्या डोळ्यांपुढे होता हे कशावरून? आणि पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग हरून बापाच्या घरी परत येतो, याला बाहेर पडणं म्हणायचं? माझ्या मते कोष बंदच आहे. तुमचंच पाखरू घ्या. त्याला खायला तोंडसुद्धा नसतं, थोड्याच दिवसांत अंडी घालून मरतं. बाहेर आलं म्हणजे सुटलं असं नाही.

वरुडवाला:
नाव राहू द्या बाप्पा. मले तर पहिल्याच ओळीनं अडवलं. पांडुरंग म्हणते, आपण आज ‘उदाहरणार्थ’ पंचवीस वर्षांचे आहो. वय उदाहरणार्थ कसं राहीन? ‘वगैरे’सारखीच ही कॉलेजातली बोलायची खोड, असं सांगतात. मले नाही पटत. अर्पणपत्रिका पाहा: ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’. त्या नव्व्याण्णवातला हा एक, म्हणून उदाहरणार्थ. शब्द बरोबर जाग्यावर बसते.

पवनीची मास्तरीण:
हे मात्र मानलं, भाऊ. मग शंभरावा कोण? मला वाटतं, मनी. पांडुरंगची लहान बहीण, देवी येऊन वारली ती. गेल्या वर्षी अकरावीच्या वर्गात हा प्रसंग सांगत होते, तर एका मुलीनं विचारलं, “मॅडम, अंगात देवी आली म्हणून कोणी मरतं का?” भारत १९७७ साली देवीमुक्त जाहीर झाला, या पोरींना तो रोगच ठाऊक नाही. माझ्या आजीच्या गालावर देवीचे वण होते. लहानपणी मी त्यांवर बोट फिरवायचे, ते खड्डे बोटाला लागायचे. त्या दिवशी वर्गात पुढे बोलता येईना. मनी पंचवीसची होऊच शकली नाही, म्हणून ती त्या नव्व्याण्णवांत नाही.

आरमोरीकर:
ताई, मनीचं म्हणत असाल तर उकळलेला कोष तिचा. एवढं मी घेतो. पांडुरंगचा मात्र फुटकाच, ते सोडत नाही. आणि लेखकानं काय पाहिलं होतं हा प्रश्न वेगळा. वाचणाऱ्यानं काय पाहिलंय, तेही अर्थात उतरतंच ना?

वरुडवाला:
मनी शंभरावी? ताई, इथं चुकतं तुमचं. पुस्तक अर्पण केलं ते नव्व्याण्णवांले. ज्या पोरीसाठी पुस्तकात एवढी तडफड आहे, तिलेच बाहेर ठेवून बाकी जगाले ते देईन का कोणी? शंभरावा म्हणजे ज्याले असं काही कधी झालंच नाही तो. दरसाल पास, बापाशी गोड, रात्री पडल्याबरोबर झोप. त्याच्यासाठी हे पुस्तक नाहीच. मनीले त्याच्या जागी नका बसवू.