सर्व्हो थरथरतोय? आधी करंट बघा
सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर. तिच्यावर वळणारी बाहुलीची मान थरथरली की कोडच गंडलाय, असं कुणी म्हटलं तर ते निदान मला पटत नाही. गेल्या गणपतीत सांगलीच्या घरी आराशीसाठी आर्डुइनो उनोवर (कोड टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) मोदकाकडे मान वळवणारा उंदीर केला होता. पुठ्ठ्याचा, सुतळीच्या शेपटीचा. ऐन आरतीत मान वळली की बोर्ड रीसेट! दोन रात्री कोड उकरण्यात घालवल्या. खरी गोची करंटची: एसजी९० हा छोटा सर्व्हो अडकला की ५०० मिलिअँपिअरच्याही वर ओढतो, आणि उनोचा यूएसबीकडचा फ्यूजच ५००चा. म्हणजे बोर्डाला वीज पुरत नाही आणि तो रीसेट होतो.

सर्व्होला ४ पेन्सिल सेलचा वेगळा डबा द्या. फक्त डब्याची काळी वायर बोर्डाच्या ग्राउंडला (वजा टोकाला, GND) जोडाच, नाहीतर सर्व्होला सिग्नल नीट कळत नाही. मी विसरलो होतो. उंदराने असा झटका दिला की आजीच्या हातातली निरांजनं हलली.