शेवटी 'विथ' आलं की इंग्रजी कच्चं? हे कुणी ठरवलं बे?

सातरस्ता_सायकलवाला:
एका स्पोकन इंग्लिश क्लासची पोस्ट सकाळपासून सगळ्या ग्रुपवर फिरतीय. नाव घेत नाही, उगं फुकटची जाहिरात नको. त्यात दोन 'गोल्डन रूल' दिलेत. एक, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन ('विथ', 'इन', 'टू' असले शब्द) आलं की समोरचा ओळखतो तुमचं इंग्रजी कच्चंय, म्हणून 'व्हू डिड यू गो विथ' म्हणायचं नाही, 'विथ हूम डिड यू गो' म्हणायचं. दुसरा, दोन प्रश्न एकदम विचारायचे असले की क्वेश्चन वर्ड 'अँड'नं जोडून पुढं टाका, कुठलेही टाका, चालतंय.

पहिला रूल चूक आणि दुसरा अर्धवट. १६७२ साली ड्रायडन या इंग्रज कवीनं आधीचा नाटककार बेन जॉन्सन याच्या वाक्यांवर बोट ठेवलं की हा शेवटी प्रिपोझिशन आणतो, आणि मग स्वतःचं जुनं लिखाण काढून त्यातली तसली वाक्यं पण दुरुस्त करत बसला. डोक्यात लॅटिन, दुसरं काय. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन शेवटी एकटं लोंबकळत ठेवताच येत नाही. पण इंग्रजी लॅटिनची लेक नाही, डॅनिश-स्वीडिशच्या भावकीतली आहे आणि तिकडं हे सर्रास चालतंय. इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरनं १९२६ मध्ये या नियमाला सरळ अंधश्रद्धाच म्हटलं. ती आपल्याकडं अजून फी घेऊन शिकवतात.

आणि खरा त्रास पुढं आहे. पोरं घाबरून प्रिपोझिशनच गाळतात. 'द हाऊस आय लिव्ह इज नियर अशोक चौक'. अरे 'लिव्ह इन' की! 'गिव्ह मी ए चेअर टू सिट'. म्हणजे खुर्चीनं बसायचं का? 'टू सिट ऑन' पाहिजे, 'ए पेन टू राइट विथ' पाहिजे. हेच क्लासवाले व्हॉइस शिकवताना फळ्यावर 'ही वॉज लाफ्ड ॲट' लिहितात, तेव्हा तो शेवटचा 'ॲट' यांना दिसत नाही?

आता 'अँड'चं. 'व्हेन अँड व्हेअर विल वी मीट' झकास, कारण दोन्ही प्रश्न सुटे केले तरी उभे राहतात. पण पोस्टमध्ये उदाहरण काय दिलंय, 'व्हॉट अँड व्हेअर डिड यू बाय'. नुसतं 'व्हेअर डिड यू बाय' म्हणून बघा. काय बाय? अर्धवट राहिलं ना. 'ईट' घातलं तर खपून जातं, कारण 'व्हेअर डिड यू ईट' आपलं आपण पुरं आहे. 'बाय'ला कर्म लागतंच. म्हणून 'व्हॉट डिड यू बाय, अँड व्हेअर?' हे सांगायला एक ओळ लागली असती. पण नाही, 'कुठलेही टाका'.

मास्तर_होटगीरोड:
गूगल वाचून पंडित झालेल्यांची सध्या साथ आली आहे. मी हयातभर इंग्रजी शिकवलं. बँकेच्या मुलाखतीत समोर बसलेल्या साहेबाला ड्रायडन माहीत नसतो, त्याला 'विथ हूम' ऐकलं की मुलगा व्यवस्थित शिकलाय एवढं कळतं. तुमच्या या 'व्हू विथ'ला आम्ही रिक्षा-इंग्लिश म्हणायचो. भाषेला शिस्त नको का?

चादरवाला_नवीपेठ:
मास्तर, रिक्षावाल्याला मध्ये आणू नका. स्टेशनवर उतरलेल्या फॉरेनरला आमचा दोस्त 'व्हेअर टू?' विचारतो आणि तो फॉरेनर गप बसतो रिक्षात. 'टू व्हिच डेस्टिनेशन' विचारलं असतं तर पळून गेला असता 😄

सातरस्ता_सायकलवाला:
'व्हू विथ', 'व्हेअर टू', 'व्हॉट फॉर' याला पण नियम आहे मास्तर. एका शब्दाच्या प्रश्नालाच हे उलटं जमतं. 'विच फ्रेंड विथ?' कुठलाच गोरा म्हणणार नाही, तिथं 'विथ विच फ्रेंड?' असंच येतं. म्हणजे शिस्त आहेच, फक्त ती तुमच्या वहीत नाही.

आणि आपल्याला 'विथ हूम' जास्त शुद्ध का वाटतं माहितीय? मराठीत 'कुणाबरोबर' मधलं 'बरोबर' तोडून शेवटी नेताच येत नाही. आपल्या कानाला आपलीच सवय आवडते, आणि आपण म्हणतो इंग्रजीचा नियम.

पूर्वभाग_पद्मा:
सायकलवाले दादा, हे सगळं ठीक पण माझं वेगळंच आहे. पुण्यात पहिल्या नोकरीत मी मीटिंगमध्ये 'हू ऑल आर कमिंग' विचारलं तर मॅनेजर सगळ्यांसमोर हसला, म्हणाला हे सोलापुरी इंग्लिश इथं चालणार नाही. 'ऑल' काढ म्हणाला. पण 'हू आर कमिंग' म्हटलं तरी टोकला, म्हणे 'हू इज'. मग 'हू इज कमिंग' म्हटलं तर वाटतं एकच माणूस येणारय. मला कोण कोण येणार ते पाहिजे होतं!! अजून डोक्यातनं जात नाही तो प्रसंग.

विजापूरवेस_अण्णा:
पद्मा, तो मॅनेजर येडा. आपल्या घरात आपण हेच तर बोलतो. कन्नडात 'यार्‍यारु बंदरु', तुमच्याकडं तेलुगूत 'एवरेवरु वच्चारु', मराठीत 'कोण कोण आलं'. शब्द दोनदा म्हटला की यादी मागितली. इंग्रजीत 'हू हू' म्हटलं तर घुबड वाटतंय, म्हणून आपण 'ऑल' लावला. डोकं लावलंय लोकांनी.

मास्तर_होटगीरोड:
म्हणजे चूक सगळ्यांनी मिळून केली की बरोबर होते! सोलापुरात चार भाषांची खिचडी आहे म्हणून राणीच्या इंग्रजीत पण खिचडी करायची?

पूर्वभाग_पद्मा:
खिचडी म्हणू नका सर. माझी आजी विड्या वळत वळत तेलुगूत बोलायची, हिशोब मराठीत करायची, आणि शेजारणीशी भांडण कन्नडात. तिची एकही भाषा कच्ची नव्हती.

डेरीवाला_नाही_डेरीतला:
(सध्या नोकरीनिमित्त उत्तर आयर्लंडात, मूळचा आसरा चौक) पद्माताई, तुमच्या मॅनेजरला सांगा, माझ्या इथं डेरी शहरात शाळेतली पोरं 'व्हॉट ऑल डिड यू गेट फॉर ख्रिसमस' म्हणतात. आणि 'ऑल' मागं ठेवून 'व्हॉट डिड यू गेट ऑल फॉर ख्रिसमस' असं पण म्हणतात. मॅक्लॉस्की म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००० साली नेमक्या या 'ऑल'वर मोठा पेपर लिहिला. अमेरिकेत पण बऱ्याच भागांत 'हू ऑल' चालतं. यांची आजी काय तेलुगू होती का?

विजापूरवेस_अण्णा:
बघा!! मास्तर कुठं गेले?

शाळा_सोडून_बोला:
तुमचं हू ऑल फू ऑल राहू द्या. २००० साली मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आणलं, त्याच्या आधी पाचवीपासून होतं. आणलं तर आणलं, शिकवायला कोण होतं? ज्या बाई आम्हाला गणित शिकवायच्या त्यांनाच पुस्तक देऊन उभं केलं. बिचाऱ्या स्वतः घाबरायच्या. घाबरलेला माणूस नियमच शिकवणार, त्याला भाषा बोलायलाच येत नसली तर. या क्लासवाल्यांचा धंदा तिथनंच उगवला. यावर कोण बोलत नाही.

चादरवाला_नवीपेठ:
खरंय मालक, पण त्यासाठी वेगळा धागा काढा की. या नियमाची टर उडवणारं ते चर्चिलचं वाक्य टाकतो, 'पुट अप विथ' (म्हणजे सहन करणं) तोडून केलेलं, 'अप विथ विच आय विल नॉट पुट'.

सातरस्ता_सायकलवाला:
ते चर्चिल म्हणाला याचा धड पुरावा नाही. कुणाचाही चिमटा चर्चिलच्या नावावर खपवतात. टाकू नका.

मास्तर_होटगीरोड:
मी इथंच आहे, संध्याकाळची पूजा होती. आयर्लंडातली पोरं काय बोलतात त्यावर आमच्या परीक्षा होत नाहीत. आणि तुमच्या त्या ड्रायडनचं सांगितलंत, लाउथचं का लपवलंत? बिशप रॉबर्ट लाउथ, १७६२ चं व्याकरण. त्यांनी स्पष्ट लिहिलंय की गंभीर, भारदस्त लिखाणात प्रिपोझिशन आधी घेणंच शोभून दिसतं.

सातरस्ता_सायकलवाला:
लपवलं नाही हो, तुम्ही आणाल म्हणून ठेवलं होतं. लाउथनं तेवढंच लिहिलंय, शोभून दिसतं. चूक म्हटलेलं नाही. उलट रोजच्या बोलण्यात चालतं असं कबूल केलंय, आणि आपल्या भाषेचा ओढाच तिकडं आहे हे सांगणारं त्याचं वाक्य 'स्ट्राँगली इन्क्लाइंड टू' असं संपतं. शेवटी 'टू'! बिशपसाहेबांना तुमच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी बाकावर उभं केलं असतं.

बरं जा, अर्जात, निबंधात, बँकेच्या साहेबासमोर 'विथ हूम' लिहा, शोभेल. पोस्टमध्ये तसं लिहिलं असतं तर मी सकाळपासून इथं टाइप करत बसलो नसतो. 'कच्चं इंग्रजी' लिहिलंय ते खटकलं.

मास्तर_होटगीरोड:
'शोभेल' एवढं तरी निघालं तोंडातून, उपकार झाले. 'बाय' आणि 'ईट'चा फरक वाचला. तो मुद्दा त्या क्लासवाल्याला माहीत नसावा. आम्ही कर्म लागणारं क्रियापद नववीत शिकवायचो, पण 'अँड'शी जोडून कधी सांगितलं नाही. असो. 'हू ऑल' मात्र मी मेलो तरी मान्य करणार नाही.

पूर्वभाग_पद्मा:
नका करू सर. पुढच्या मीटिंगला मी मुद्दाम म्हणणार आहे. आता मॅनेजर मीच आहे.

आई_आसराचौक:
तुमचं भांडण मिटलं असलं तर माझं ऐका. माझ्या मुलानं चाचणीत 'धिस इज द बॉय आय टोल्ड यू अबाउट' लिहिलं, मॅडमनी लाल पेनानं 'अबाउट'ला गोल करून मार्क कापला. पोरगं रडलं. तो मार्क कोण देणार?

चादरवाला_नवीपेठ:
ताई, शाळेला अर्ज लिहा. वर 'टू हूम इट मे कन्सर्न' घाला. तिथं मास्तरांचा नियम चालतोय.