संगणक नको असेल तर

ताई, तुमचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, संगणकाची त्याला गोडी नाही आणि जो तो 'कोडिंगला घाला' म्हणतो, हे वाचून घरचेच दिवस आठवले. माझा धाकटा भाऊही स्वमग्न. आम्ही वेंगुर्ल्याजवळचे. आधी त्याला एका दुकानात गल्ल्यावर बसवलं. एकाच वेळी चार गिऱ्हाइकांच्या हाका! तिसऱ्या दिवशी तो कानांवर हात घट्ट दाबून मागच्या खोलीत बसलेला सापडला. चूक आमची होती, त्याची नव्हे.

आता तो काजूच्या कारखान्यात प्रतवारी करतो. ३२० नंबर म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर, २४० नंबरचा गर त्याहून मोठा. पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, डागी वेगळा. मूठभर गर ताटात पसरतो आणि बोटाने एकेक सरकवतो. बारीकसा तांबूस डाग माझ्या नजरेतून सुटेल, त्याच्या नाही. यंत्रांच्या आवाजापासून लांब, खिडकीजवळची ठरलेली जागा मागितली, मालकांनी दिली. कामात बदल असला की आदल्या दिवशी सांगतात. एवढंच लागलं. हंगाम उतरला की मात्र काम कमी होतं आणि रिकामे दिवस त्याला फार जड जातात, म्हणून वर्षभर काम असतं का ते आधीच विचारा.

दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर काढाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ज्या गटाला आहे, त्यात ती येते. त्यासाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

तो घरी तासन्‌तास कशात रमतो, ते लिहाल का?