ऊसतोडीला गेल्यावर घराला कुलूप दिसलं, तर मतदार यादीतलं नाव जातं का?

बालाघाटी (ता. धारूर, जि. बीड)

राम राम मंडळी. मी अंबाजोगाईला बी.ए. करतोय. आई-बाप दरसाल कोयत्याला जातात. दिवाळी झाली की टोळी निघते, औंदा सांगलीकडचा कारखाना आहे. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, घराला कुलूप. आजी तेवढे दिवस चुलत्याकडं राहते.

परवा पारावर एकजण सांगायला होता, की यादीची तपासणी करणारे आले आणि घर बंद दिसलं, तर 'स्थलांतरित' असा शेरा मारतात आणि नाव कमी होतं. तेव्हापासून बापाला घोर लागलाय. त्यात टोळी नेणारा मुकादम म्हणायलाय, "तुमची नावं कारखान्याच्या गावात टाकून देतो, तिथंच मतदान करा."

अजून दोन गोष्टी. बहिणीला याच महिन्यात, सप्टेंबरात, अठरा पूर्ण झाली. आणि वहिनीचं नाव अजून माहेरी, परळी तालुक्यात आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. टोळी निघायच्या आत हे सगळं कसं उरकावं? कुणाला खात्रीचं माहीत असेल तर सांगा.

मांजराकाठ (लातूर)

मोबाइलवरून सगळ्यांचे फॉर्म ६ भरून टाका. वहिनीचाही, आई-वडिलांचाही. नाव आधीपासून असलं तर असलं, नसलं तर नव्यानं येईल. काळजी मिटली.

फळा आणि यादी (जि. प. शिक्षिका, बीड जिल्हा)

मांजराकाठ, तुम्ही मदतीच्या भावनेनं सांगितलंत, पण कृपा करून असं कुणी करू नका. फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. त्यात "माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही" असं लिहून द्यावं लागतं. नाव असताना ते लिहून दिलं तर खोटं घोषणापत्र होतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

बालाघाटी, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि आमच्या गावच्या यादीभागाची बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी कर्मचारी, आहे. माझ्या भागातला तांडा तर जवळजवळ सगळा कोयत्यावर जातो, म्हणून तुमचा प्रश्न मला नीट कळतो.

आधी वडिलांचा घोर घालवा. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलंय, की माणूस आपल्या नेहमीच्या राहत्या ठिकाणापासून तात्पुरता बाहेर गेला, तर तेवढ्यावरून तो तिथला रहिवासी राहत नाही असं धरायचं नाही. पाच-सहा महिने उसाच्या फडावर कोपी टाकून राहणं आणि पट्टा पडला की गावी परत येणं हे तात्पुरतंच आहे. शेत इथं, रेशन इथं, लेकरांची शाळा इथं. कारखान्याचं गाव दर हंगामाला बदलू शकतं. पुढच्या साली कर्नाटकातली उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली तर काय नाव तिकडं न्यायचं? मुकादमाला हात जोडून नको म्हणा. एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, एकदाच. तिकडं नोंदलं की गावचं नाव कमी होणार, आणि जिल्हा परिषद-ग्रामपंचायतीलाही गावात मत राहणार नाही.

आता कुलपाबद्दल. बंद घर दिसलं की लगेच 'कायमचे गेले' असं धरणं बरोबर नाही, आणि कुणी तसं धरत असेल तर त्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आम्ही शेजारी विचारतो, घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारतो. मला एक सोय आहे, ती शाळेची. कोणत्या घरातलं लेकरू हंगामी वसतिगृहात राहिलं आणि कोणतं आई-बापाबरोबर फडावर गेलं, ही यादी आमच्याच हातानं होते. त्यामुळं ते घर हंगामापुरतं बंद आहे हे मला माहीत असतं. पण तुमच्या भागाचा बीएलओ नवीन असेल, शहरातून येत असेल, तर त्याला हे कसं कळावं? म्हणून निघायच्या आधी त्याला भेटा. आजी चुलत्याकडं असते हे सांगा, चुलत्याचा मोबाइल नंबर द्या. कुणी चौकशीला आलं तर आजीनं "ते ऊसतोडीला गेलेत, चैतात येतेत" एवढं सांगितलं तरी पुरे. "इथं नाहीत" एवढंच तुटक सांगितलं की गैरसमज होतो. हे मी तांड्यावर प्रत्येक म्हातारीला समजावते.

मी स्वतः दसऱ्याच्या आधी यादी घेऊन तांड्यावर जाते, तेही दिवेलागणीला. दिवसा सगळे सोयाबीन काढणीला असतात, घरात कुणी सापडत नाही. ओट्यावर बसून एकेक नाव मोठ्यानं वाचते. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेली, कुणाचं वय चुकलंय, सगळं तिथंच निघतं. बाया आधी लांब उभ्या राहतात, मग नाव चुकीचं वाचलं की पुढं येऊन सांगतात. ज्या बाईचं नाव एरवी रेशनकार्डाशिवाय कुठं वाचलं जात नाही, तिचं नाव मोठ्यानं वाचायला मला फार आवडतं.

बहीण: फॉर्म ६. पूर्वी फक्त १ जानेवारीची तारीख धरायचे, २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्यात. तिला १ ऑक्टोबर लागू होते, आताच भरा. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो, हे गावातल्या बाकीच्या पोरींनाही सांगा. वयासाठी जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र किंवा आधार, पत्त्यासाठी आधार किंवा बँकेचं पासबुक, एक फोटो, आणि घरातल्या कुणाच्या तरी मतदार ओळखपत्राचा नंबर.

वहिनी: फॉर्म ८, 'पत्ता बदल'वर खूण करून. माहेरच्या ओळखपत्राचा नंबर टाकायचा. इथं नाव आलं की तिकडचं आपोआप निघतं, वेगळा अर्ज नको. अर्जात एका वेळी एकच खूण करायची असते, त्यामुळं आडनाव बदलायचं असेल तर पत्ता झाल्यावर दुसरा फॉर्म ८ भरा. आणि आडनाव बदलायचं की नाही, हे वहिनीला विचारा. माहेरच्या नावानंही मत देता येतं.

जुना महसुली (छत्रपती संभाजीनगर)

मॅडमनी नीट सांगितलंय. भर घालतो. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, निवडणूक शाखेत बरंच काम केलं.

'इथं राहत नाही' या कारणावरून नाव काढायचं असेल, तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस घरी आली आणि टोळी फडावर असली, तर घरातल्या माणसानं ती पिशवीत ठेवून न देता लगेच फोटो काढून पाठवावा. निर्णय मतदार नोंदणी अधिकारी घेतो, बीएलओ नाही. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं.

दुसरं असं, की ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेसाठी राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी करत नाही. विधानसभेचीच यादी घेऊन वॉर्ड, गण, गट पाडतो. तेव्हा "ग्रामपंचायत आली की बघू" म्हणून थांबलात तर नाव घालायची वेळ निघून जाते. विधानसभेलाही उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की नवीन नाव चढत नाही.

बालाघाटी

मॅडम, काका, लई मोठं काम केलंत. बापाला वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाव राहिलं खरं, पण मतदान ऐन हंगामात आलं तर?" २०२४ ला लोकसभेचं १३ मेला होतं, सगळे गावात होते. विधानसभेचं २० नोव्हेंबरला आलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बऱ्याच टोळ्या वाटंला लागलेल्या. टपालानं मत देता येत नाही का?

फळा आणि यादी

नाही. टपाली मत सैन्यातले, निवडणूक ड्युटीवरचे, ८५ वर्षांवरचे, चाळीस टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असलेले, अशा ठरावीक लोकांनाच आहे. ऊसतोड कामगार त्यात नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. बीडसारख्या जिल्ह्यात तरी याचा विचार व्हायला हवा, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते.

हातात आहे ते एवढंच: मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यावी असं १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ ब मध्ये आहे आणि रोजंदारीवरचे लोकही त्यात येतात. टोळीनं उचल घेतानाच मुकादमाशी बोलून ठेवावं, मतदान हंगामात आलं तर येण्या-जाण्याची गाडी कोण करणार ते ठरवून घ्यावं. सगळ्या टोळीनं मिळून विचारलं तर ऐकतात, एकट्या माणसाचं ऐकत नाहीत. येताना ओळखपत्र फडावरच राहिलं तरी अडू नका. यादीत नाव असलं की आधार, फोटोचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यातलं काहीही चालतं. नुसती मतदार चिठ्ठी मात्र ओळख म्हणून चालत नाही.

बीएलओ कोण ते कळत नसेल तर १९५० या हेल्पलाइन नंबरवर फोन लावून यादीतला भाग क्रमांक सांगा.

बालाघाटी

बहिणीचा अर्ज आत्ताच भरला, संदर्भ क्रमांक आलाय. वहिनीनं माहेरी फोन करून ओळखपत्राचा फोटो मागवलाय. आडनाव माहेरचंच ठेवायचं म्हणाली.