‘ब्रंच’ला न्याहारी म्हणावं का? आणि ‘कम्फर्ट फूड’ला?

रानमेवा :
नाशिकजवळ एक मैत्रीण घराच्या पडवीत दर रविवारी खाणं देणार आहे. वेळ दहा ते एक. थालीपीठ-लोणी, मऊभात-मेतकूट, वरणफळं, तांदळाची उकड, दडपे पोहे. हॉटेलात सहसा न मिळणारं, घरी मात्र कुणाच्या ना कुणाच्या हातचं खाल्लेलं. दारात फळा लावायचाय. तिच्या मुलानं ‘संडे ब्रंच – कम्फर्ट फूड’ असं झोकात लिहून दिलंय. तिला ते परकं वाटतंय. ‘नाश्ता’ लिहिलं तर लोक पोहे-चहाच्या हिशोबानं येणार, ‘जेवण’ लिहिलं तर थाळी मागणार. तेव्हा मंडळी, दोन शब्द हवेत. ब्रंचला (ब्रेकफास्ट अधिक लंच) काय म्हणावं आणि कम्फर्ट फूडला (मनाला आधार देणारं ओळखीचं खाणं) काय म्हणावं? कोशातले नकोत, तोंडातले हवेत.

बटाटेवडा :
ब्रंचच लिहा. पाव आणि बटाटा पोर्तुगीजांकडून घेतले तेव्हा कुणी धागा काढला नव्हता.

अनशापोटी :
आधी थोडं कुळ-मूळ बघू. नाश्ता हा शब्द फारसीतला. तिकडे त्याचा अर्थ ‘सकाळपासून काही न खाल्लेला’, म्हणजे आपण ज्याला अनशापोटी म्हणतो तो. न्याहारीमागचा फारसी ‘नाहार’ही त्याच अर्थाचा. म्हणजे आपल्या दोन्ही शब्दांत रिकामं पोट आहे. दोन वेळा चहा आणि खारी झालेला माणूस अकरा वाजता जे खातो त्याला शब्दार्थानं यातला एकही लागू होत नाही. (अर्थात शब्द असे व्युत्पत्तीवर चालत नाहीत, नाहीतर दिवाळीच्या फराळात फळं शोधावी लागतील. फराळ हा मूळचा फलाहार.)

ब्रंचची जन्मकथा मात्र गमतीची आहे. १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं ‘हंटर्स वीकली’त एक लेख लिहिला. रविवारी चर्चमधून आल्यावर लगेच जड जेवण नको, त्यापेक्षा दुपारच्या सुमाराला चहा-कॉफी आणि मुरंब्यापासून सुरुवात करून सावकाश भारी पदार्थांकडे जावं, असं त्याचं म्हणणं. शनिवारी रात्री जागलेल्यांना त्यामुळे पहाटे उठावं लागणार नाही, हाही एक मुद्दा होता आणि मला वाटतं खरा मुद्दा तोच होता. पुढच्याच वर्षी ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकानं त्याची दखल घेताना ऑक्सफर्डमधला एक भेद सांगितला : सकाळकडे झुकलेलं असेल तर ब्रंच, दुपारकडे झुकलेलं असेल तर ब्लंच. ब्लंच मेला, ब्रंच जगला. तेव्हा रानमेवा, तुम्ही आज करताय ती चर्चा इंग्रजांनीही करून झाली आहे.

बटाटेवडा :
ब्लंच छान आहे. फळ्यावर तोच लिहा, निदान काय आहे ते विचारायला तरी लोक आत येतील.

कोरड्यास :
आम्ही मिरज भागातले. आमच्याकडं न्याहारी म्हणजे ब्रेकफास्ट कधीच नव्हता. माणसं उजाडायच्या आत रानात जायची ती नुसत्या चहावर. नऊ-साडेनवाला घरातनं न्याहारी यायची. भाकरी, कोरड्यास, खर्डा, कांदा, कधी दही. बांधावर बसून पोटभर खायचं, वर तांब्याभर पाणी. त्याच्यानंतर पुन्हा काम आणि दुपारी उशिरा जेवण. न्याहारी हे हलकं खाणं आहे हा शहरातला समज. दहाच्या सुमाराला, तब्येतीनं, चारचौघांत बसून खायचं ते न्याहारी. दहा ते एकला दुसरा शब्द शोधायचं कारण मला दिसत नाही.

पेजपाणी :
कोरड्यास यांना दुजोरा, फक्त आमच्याकडे भांडं वेगळं. गोव्यात आणि खाली सिंधुदुर्गातही दहा-अकराची पेज ठरलेली. उकड्या तांदळाची, शितं तळाशी आणि वर कोमट पाणी. सोबत खारातली कैरी (आम्ही तोर म्हणतो), नाहीतर भाजलेला सुका बांगडा, नाहीतर आदल्या दिवसाची आटवलेली आमटी. सकाळी चहा-पाव झालेला असतो, दुपारी शीत-कढी व्हायची असते, मध्ये पेज. ‘पेज जेवलो’ असंच म्हणायचं, पेज प्यालो असं सहसा नाही. शब्द संस्कृत ‘पेय’कडून आला असला तरी क्रियापदानं त्याला जेवणाचा मान दिला आहे. आजी शेजारणीला वेळ सांगायची तीही ‘पेजेच्या वेळेला ये’ अशी. घड्याळ घरात होतं, पण ते आजोबांचं.

अनशापोटी :
‘पेज जेवलो’ हे फार महत्त्वाचं आहे. नाश्ता करतात, न्याहारी करतात, जेवण होतं, पण पेज जेवतात. ब्रंचचं क्रियापद काय, यावर कुणी लक्ष दिलंय का?

पाटी_पेन्सिल :
क्रियापदाकडे येते, पण आधी एक राहिलंय. आमची शाळा अकरा ते साडेपाच होती, मराठी शाळांची तीच वेळ. सव्वादहाला ताटावर बसायचं : वरण-भात, पोळी-भाजी, ताक. त्याला घरात ‘सकाळचं जेवण’ म्हणत. बाबाही तेच जेवून कचेरीत जात. आज जे लोक रविवारी अकराला बाहेर जाऊन जेवतात आणि त्याला ब्रंच म्हणतात, ते आम्ही सोमवार ते शनिवार दप्तर पाठीला लावून करत होतो. उलट रविवारीच जेवायला एक-दीड व्हायचा!

आता क्रियापद. मी गेले काही दिवस कान देऊन ऐकतेय. ‘ब्रंचला जाऊ’, ‘ब्रंचला भेटू’, फार तर ‘ब्रंच केला’. ‘आज घरी ब्रंच केला’ असं मात्र कुणीही म्हणत नाही, इंग्रजी माध्यमातली माझी भाचीसुद्धा नाही. घरी उशीर झाला की आपण म्हणतो, “आता वेगळा नाश्ता नको, एकदमच जेवू.” मराठीतलं घरचं ब्रंच म्हणजे ‘एकदमच जेवू’. त्याचं नाम करायची गरज कधी पडली नाही, कारण ते ठरवून होत नाही, होऊन जातं. ब्रंच हा आपल्याकडे बाहेर जाण्याचा शब्द आहे.

वाळूघड्याळ :
दुबईहून सहमत. इथे ब्रंच म्हणजे हॉटेलातला कार्यक्रमच. दुपारी बारा-साडेबाराला सुरू, तीन-चार तास चालणार, आगाऊ नोंदणी, माणशी ठरलेली रक्कम. वर्षानुवर्षं तो शुक्रवारचा होता. २०२२च्या जानेवारीपासून आठवडासुटी शनिवार-रविवार झाली, शुक्रवार अर्धा दिवस कामाचा झाला, आणि बऱ्याच ठिकाणी ब्रंच शनिवारी सरकला. त्यात सकाळ कुठे राहिली नाही आणि नाश्ताही. आमच्या ग्रुपमधले लोक शुक्रवारी रात्री एकमेकांना सांगतात, “उद्या ब्रंच आहे, सकाळी काही खाऊ नकोस.” म्हणजे फारसी नाश्ता अगदी शब्दशः पाळला जातो.

खारी_बिस्किट :
माझ्या मामांना अजून ब्रंच हा ब्रुनचा प्रकार वाटतो. इराण्याकडे जाऊन ब्रुन-मस्का आणि चहा घेतला की ते सांगतात, ब्रंच झाला. मला यात चूक काही दिसत नाही.

अनशापोटी :
कुणी ‘अल्पोपहार’ सुचवण्याआधी सांगून टाकतो. खाणं या अर्थी शब्द उपाहार, उप अधिक आहार. उपहार म्हणजे भेटवस्तू. त्यामुळे पाट्यांवर दिसतं ते ‘उपहारगृह’ म्हणजे खरं तर भेटवस्तूंचं दुकान. आणि उपाहार मुळातच थोडा असतो, त्याला पुन्हा अल्प कशाला? ‘अल्पोपाहाराची सोय केली आहे’ असं पत्रिकेत वाचलं की मी घरून जेवून निघतो.

रानमेवा :
उपाहार बाद, तिची थालीपीठं बघता अल्पही बाद. पाटी_पेन्सिल यांचं ‘एकदमच जेवू’ फार आवडलं, पण ते फळ्यावर लिहिलं तर हुकूम वाटेल. दुसऱ्या शब्दाचं बोला की. ‘मायेचं जेवण’, ‘सुखान्न’ अशा सूचना इतरत्र आल्या. सुखान्न ऐकून मैत्रीण म्हणाली, हे नैवेद्याला ठेवतात का?

उकडपेंडी :
सुखान्न! बाप्पा रे. आमच्याकडे अकोल्याला कुणी कामावरून दमून आलं अन् बायकोनं विचारलं काय करू, तर उत्तर एकच : “साधंच कर काहीतरी.” साधंच म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बेसन-भाकरी, नाहीतर खिचडी, नाहीतर कणकेची उकडपेंडी. (तुम्ही ज्याला पिठलं म्हणता ते आमचं बेसन. पीठही बेसन आणि पिठलंही बेसन, आम्हाला घोळ होत नाही.) तुमचं कम्फर्ट फूड म्हणजे ‘साधंच काहीतरी’. यातला च महत्त्वाचा. ‘साधं जेवण’ म्हटलं की बिनमसाल्याचं, पथ्याचं वाटतं. ‘साधंच’ म्हटलं की माणूस सैल होऊन बसतो.

कोरड्यास :
एक नंबर. त्यात अजून एक बघा, साधंच हे मागताना पण म्हणतात आणि वाढताना पण. “साधंच केलंय हो, गोड मानून घ्या.” मागणाऱ्याचा त्यात आराम असतो आणि वाढणारीचा संकोच. आणि साधंच करायला कष्ट कमी पडतात असंही नाही. चकोल्यांची कणीक घट्ट मळून, लाटून, कातून, उकळत्या आमटीत एक-एक सोडा आणि मग सांगा.

पाटी_पेन्सिल :
शिवाय ‘साधंच’च्या पोटात केवढे शब्द आहेत! भातच घ्या. मोकळा भात पाहुण्यांना. मऊभात घरच्यांना. त्याहून शिजवून पळीनं घोटला की गुरगुट्या, तो बाळाला, दात गेलेल्यांना आणि तापातून उठलेल्यांना. मुगाची डाळ घालून अगदी मऊ केली की आटवल, ती बाळंतिणीला. शिळा उरला तर फोडणीचा, तो सकाळी उठून आयता मिळणाऱ्या सगळ्यांना. कोण खाणार यावरून भाताचं नाव ठरतं. ‘कम्फर्ट फूड’मध्ये खाणाऱ्याला काय वाटतं एवढंच आहे, कोण खातोय ते नाही. म्हणून त्याला एक मराठी शब्द मिळत नाही, आणि मिळाला नाही तरी बिघडत नाही.

पेजपाणी :
आणि काही शब्द फक्त आजाऱ्याच्या खोलीत राहतात. तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण मला सगळ्यात आधार देतं, पण त्याला पथ्याच्या यादीत कोण घेणार?

अनशापोटी :
या दोन शब्दांची गाठ आधीच एकदा पडलेली आहे, खिचडीत. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात इथे होता. त्यानं लिहून ठेवलंय की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून, वर तूप घालून खातात, त्याला ‘किशरी’ म्हणतात आणि रोज सकाळी हेच खातात. म्हणजे साधंच, आणि न्याहारीला. पुढे इंग्रजांनी ती नेली. तिकडे डाळ गळाली, धुरावलेला हॅडॉक मासा आणि उकडलेली अंडी आली, आणि केजरी तयार झाली. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातच नोंद आहे की इंग्लंडात हा शब्द पुन्हा शिजवलेल्या माशाच्या न्याहारीच्या पदार्थाला लावतात. आता ती ब्रंचच्या मेन्यूवर असते. लंडनला गेलात तर चांगल्या हॉटेलात मुगाशिवायची खिचडी ब्रंच म्हणून खाता येईल. मी खाल्ली आहे. मीठ कमी होतं आणि पापड नव्हता.

उकडपेंडी :
पापड नाही म्हणजे खिचडीच नाही. कच्चं तेल होतं का वरून?

वाळूघड्याळ :
मूळ प्रश्नाकडे. आपण मराठीत बाहेर खायला जातो तेव्हा जेवणाच्या वेळेचं नाव घेतो का? ‘मिसळ खायला जाऊ’, ‘डोसा खायला जाऊ’, थंडीत ‘हुरड्याला या’, रायगडकडे ‘पोपटीला या’. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात रविवारी दहा-साडेदहाला मिसळीच्या दुकानापुढे जी रांग असते ती ब्रंचचीच रांग आहे. पण रांगेतल्या कुणालाही विचारा, तो ‘मिसळ खायला आलोय’ म्हणेल. सोबत पापड, दही, ताक, जिलेबी, सगळं होतं आणि घरी परत जेवायचं नसतं. वेळ, पोट, सोबत, सगळं ब्रंचचं. नाव मात्र पदार्थाचं.

कोरड्यास :
हुरड्याला या! बरोबर बोललात. आमंत्रण पदार्थाचं असतं.

पाटी_पेन्सिल :
मग फळ्यावर पदार्थच मोठे लिहा. ‘ब्रंच’, ‘न्याहारी’ काहीच नको. ‘रविवारी थालीपीठ, वरणफळं, मऊभात’ आणि खाली वेळ. दहा ते एक वाचलं की न्याहारी की जेवण ते ज्याचं तो ठरवेल. आणि हॉटेलांसारखं ‘घरगुती’ लिहू नका. घरात बसून घरगुती लिहिलं की माणसाला उगाच शंका येते.

रानमेवा :
तिला फोनवर वाचून दाखवलं. पटलं. मजकूर ठरला : वर ‘वरणफळं, थालीपीठ, मऊभात’, खाली ‘रविवारी १० ते १’. ‘साधंच’ हा शब्द तिला फार आवडलाय, पण तो फळ्यावर न लिहिता ती वाढताना म्हणणार आहे. मुलगा नाराज आहे. मोबाइलवरच्या जाहिरातीत ब्रंच राहील अशी तडजोड झाली.

बटाटेवडा :
मुलगा हुशार आहे.

कोरड्यास :
फळ्यावर ‘वरणफळं’ लिहिणार? आमच्याकडचं माणूस ते वाचून पुढं जाईल. चकोल्या लिहा.

उकडपेंडी :
चकोल्या लिहिलं तर आमच्याकडचं पुढे जाईल. वरणफळंच बरोबर. वरणातली फळं, नावातच सगळं आहे.

अनशापोटी :
यासाठी वेगळा धागा काढा. डाळफळं म्हणणारेही येतील, आणि मग गूळ-आमसूल घालायचं की नाही हा विषय निघेल. तो इथे संपणार नाही.

रानमेवा :
काढते. फळा रंगवणारा उद्या यायचाय, तेव्हा रात्रीपर्यंत भांडून घ्या.